कुठं बघितलीस?

भरमण्णा सांबरेकर म्हणाला, आधी गाडी बंद कर.
जांबोटीच्या नाक्यावर, साडेपाचला,
चहावाल्याची चूल अजून नुसता धूरच काढत होती.
बॉक्सरच्या हँडलवर त्यानं बोट ठेवलं:
डावीकडं जायचंय न्हवं? मग डावी मूठ पुढं ढकल.
अण्णा, मग चाक उजवीकडं जाईल की.
जाऊ दे की बाई.
क्षणभर जातंय, उलट्या बाजूला रामराम करून येतंय,
मग गाडी आपसूक डावीकडं पडते.
पडते, आणि पडत नाही.

चौदा दिवस मला हे कळलं नाही.
पंधराव्या दिवशी हाताला कळलं.
डोक्याला अजून नाही.

बाकीचं सोपं होतं, म्हणजे सांगायला.
ब्रेक वळणाच्या आधी. गिअरसुद्धा आधीच उतरव,
चप्पल कशी दारात काढतो आपण.
आत शिरलीस की मूठ हलकी,
कोंबडीचं पिल्लू धरल्यासारखी.
बाहेरच्या कडेनं ये, आतल्या कडेला शीव,
पण घाईनं शिवू नको, वळणाचं पोट दिसेपर्यंत थांब.
गुडघ्यांनी टाकी धर. खांदे सोड. सोड म्हणतोय ना.
आणि मागं लसींचा डबा आहे,
तोही कलतो तुझ्याबरोबर, फक्त जरा उशिरा.

कणकुंबीच्या अलीकडं एक पिवळी पाटी,
कन्नडात लिहिलंय, तिरुवु.
खाली कुणीतरी खडूनं वळण लिहिलं,
कुणीतरी पुसलं, कुणीतरी परत लिहिलं.
आता दोन्हींवर शेवाळ.
पाटी काय वाचूलालीस, भरमण्णा ओरडला मागून,
तेवढ्यात वळण संपलं बघ!
झाडांची रांग कुठं वाकते ते वाच.
विजेच्या तारांवर जाऊ नको,
तारा सरळ जातात, त्यांना कुठं पोचायचंय.

त्याचा डावा पाय गुडघ्यात दुमडत नाही.
कॅम्पातून टपाल नेत होता, पंचवीस वर्षं झाली,
समोरून ट्रक आला आणि तो ट्रककडं बघत राहिला.
रस्ता होता, म्हणतो. हा एवढा रस्ता होता.
हात पसरून दाखवतो: दोन म्हशी जातील एवढा.
पण मी ट्रकला बघितलो,
मग गाडीपण ट्रकलाच बघायला गेली.

पौषातला बुधवार.
धुकं असं, की दिव्याचा उजेड माझ्याच अंगावर परत.
उजवं वळण, मी कललेली,
आधी वास आला, शेणाचा आणि ओल्या केसांचा.
मग गवा.
आडवा, गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घालून,
शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखा उभा.
बोटं ब्रेकवर आखडली.
त्याच्या डोळ्यात माझा दिवा होता, बारीक,
आणि खरं सांगते, तिकडंच बघावंसं वाटत होतं,
एवढं देखणं काही इतक्या जवळून
मी बघितलंच नव्हतं.
मान उपसून काढली त्याच्यावरून, चिखलातून पाय काढतात तशी.
शेपटीमागं डांबराची काळी पट्टी,
तिच्यावर फणसाची तीन पानं चिकटलेली.
पानं बघितली.
उजवी मूठ ढकलली.
शेपटीचा वारा मांडीला लागला.

केंद्रावर पोचले तेव्हा डब्यातला बर्फ वाजत होता
की माझे दात, सांगता येत नाही.
व्हरांड्यात अकरा बाळं, आयांच्या पदराखाली.
पहिल्याचं नाव विचारलं
आणि लिहायला पेन धरता येईना.

संध्याकाळी भरमण्णाला सगळं सांगितलं.
गवा केवढा, शिंगं कशी, नाकातून वाफ कशी.
तो स्पोक पुसत होता. गव्याचं त्यानं विचारलंच नाही.
कुठं बघितलीस?
पानांकडं.
कसली?
फणसाची. तीन होती.
हूं, म्हणाला,
आणि चेन सैल झालीय तुझी म्हणून
चौदाचा पाना मागितला.